स्थळ घेऊन आलेला साहेब

मी परिवीक्षा अधिकारी आहे असं सांगितलं की लोक म्हणतात, "परीक्षा अधिकारी का? आमच्या बंड्याचे दोन मार्क वाढवा की!"

आमचं काम वेगळंच. अठरा वर्षांखालच्या एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आला, की बाल न्याय मंडळ आम्हाला त्याच्या घरी पाठवतं. घर कसं, शाळा कशी, संगत कुणाची, याचा अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा. (१८४१ साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाच्या, जोडे शिवणाऱ्या गृहस्थानं एका दारुड्याची हमी घेतली, तिथून हा उद्योग सुरू झाला.)

असाच एकदा एका चाळीत गेलो. मुलगा चौदा वर्षांचा. नाव विचारू नका, अशा मुलांचं नाव छापायला कायद्यानंच बंदी आहे. शेजारच्यांची सायकल गुपचूप नेऊन यानं विकायला काढली होती.

दार आजींनी उघडलं. मी फाइल काढून विचारलं, "घरात माणसं किती? कमावतं कोण? कुणाला व्यसन?"

आजींचा चेहरा एकदम खुलला. "बसा की! व्यसन कुण्णाला नाही. बारावी पास, शिवण येतं, स्वयंपाक तर विचारूच नका."

मी आपला लिहितोय, 'शिवण येतं.' तेवढ्यात कांदेपोहे आले, वर ओलं खोबरं! "आता मुलाचा पगार सांगा," आजी म्हणाल्या, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. नातीसाठी स्थळ घेऊन आलोय, असं त्यांना वाटलं होतं!

सायकलीचं प्रकरण आईनं त्यांच्यापासून लपवलं होतं. कोपऱ्यात पोरगा पांढराफटक. मी खोटं बोलू शकत नव्हतो, आणि खरं मीच सांगून टाकावं असंही वाटेना. चमचा हातात तसाच राहिला.

"आजी, हे ताईसाठी नाही आले," पोरगा पुटपुटला. "माझ्यासाठी आलेत. मी सायकल चोरली."

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग माझ्या बशीत आणखी पोहे वाढून म्हणाल्या, "त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. हे पण लिहा."

लिहिलं. 'शिवण येतं' तेवढं खोडलं.

मंडळानं त्याला समज दिली आणि वर्षभर माझ्या देखरेखीखाली घरीच राहू दिलं. तो दर महिन्याला भेटायला यायचा, आणि प्रत्येक वेळी आजींचा निरोप असायचा : "साहेब, एखादं चांगलं स्थळ असलं तर कळवा."