टोर्नेडो? छे, वळीव!

"तू टोर्नेडो बघितलायस ना? मग लिही की त्यावर!" असं म्हणून संपादक मंडळाने हा लेख माझ्या गळ्यात मारला. दोन गोष्टी आधीच कबूल करते. एक, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठी हा फक्त एक विषय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर मोठ्या मनाने माफ करा. दुसरी जरा जास्त लाजिरवाणी आहे. मी टोर्नेडो बघितलेलाच नाही! बघितला असं मी खूप दिवस सगळ्यांना सांगत होते, इतकंच.

तर झालं असं. तारीख 13 मे 2024, सोमवार. बारावी संपली होती, माझी सीईटी देऊन झाली होती आणि मी घरात लोळत पडले होते. आम्ही कात्रपला राहतो, चौथ्या मजल्यावर, आणि आमच्या वर थेट गच्ची. मे महिन्यातलं बदलापूर ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी तवा इमॅजिन करावा. दुपार कलली तसा उजेड एकदम पिवळट झाला. आजी म्हणाली, "अगं, गच्चीवरचे कपडे काढून आण." मी गेले.

वर गेल्यावर कपडे राहिले बाजूला. आमच्या गच्चीवरून चंदेरीचा सुळका नेहमी स्पष्ट दिसतो. तो नव्हताच तिथे. डोंगराच्या जागी एक मातकट भिंत उभी होती आणि ती आमच्या दिशेने सरकत होती. लांबच्या इमारती एकेक करून पुसल्या जात होत्या. आवाज आधी आला, मग वारा. वारा म्हणजे झुळूक वगैरे नाही, कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलावं तसा. आमच्या आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये जी गल्ली आहे तिथे धूळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुकलेली पानं असं सगळं गोल गोल फिरत वर यायला लागलं. मी जिन्याच्या दाराला टेकून मोबाईल काढला. 'ट्विस्टर' पिक्चर मी लहानपणी टीव्हीवर तीन-चार वेळा बघितलाय. फक्त उडणारी गाय तेवढी यायची बाकी होती.

समोरच्या गच्चीवर त्या बिल्डिंगमधल्या काकू होत्या. त्यांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने कुरडयांचं प्लॅस्टिक, असं त्यांचं चाललं होतं. त्यांच्या डोक्यावर पत्र्याची शेड. आमच्याकडे जवळपास प्रत्येक बिल्डिंगवर ही असते. पावसाळ्यात स्लॅब गळतो, मग सोसायटी कॉन्ट्रॅक्टर बोलावते, तो चार पाइप उभे करतो आणि वर पत्रे ठोकतो. तर त्या शेडच्या कडेचा एक पत्रा आधी कोपऱ्यात थडथड करायला लागला. मग उचलला गेला, पुन्हा आपटला, आणि तिसऱ्यांदा उचलला गेला तो गेलाच. काकू त्या वेळी खाली वाकलेल्या होत्या. पत्रा त्यांच्यावरून गेला आणि खाली पार्किंगमध्ये एका स्कूटरवर पडला. स्कूटरची सीट सुरीने कापल्यासारखी फाटली होती.

काकूंना काही झालं नाही. त्या कुरडया सोडून खाली पळाल्या. पण तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. त्यात माझाच आवाज येतो : "ओ माय गॉड, टोर्नेडो! टोर्नेडो!" पत्रा थडथडताना मला दिसत होता, म्हणजे मोबाईलच्या स्क्रीनवर दिसत होता. "काकू, खाली जा" असं मी एकदाही म्हटलेलं नाही. संध्याकाळी मी तो व्हिडिओ 'टोर्नेडो इन बदलापूर' असं नाव देऊन सगळ्या ग्रुप्सवर पाठवला. भरपूर लाइक्स मिळाले.

लाइट गेले होते. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये ओव्हरहेड वायरचा खांब वाकल्यामुळे लोकल अडकल्या होत्या आणि बाबा लोकलमध्ये. ते रात्री उशिरा घरी आले. तोपर्यंत घाटकोपरची बातमी कळली होती. छेडानगरच्या पेट्रोल पंपावर अख्खं होर्डिंग कोसळलं होतं. 17 माणसं गेली, सत्तरहून जास्त जखमी झाली. मी मेणबत्तीच्या उजेडात आजीला सांगत होते की आज आपल्याकडे टोर्नेडो आला, हे असं कधीच होत नाही, फ्रीक आहे हे. आजी शांतपणे म्हणाली, "टोर्नेडो कसला? वळीव आहे तो. दरवर्षी येतो."

खरं सांगते, 'वळीव' हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. आमच्या शाळेत फक्त प्री-मान्सून शॉवर्स होते. पण हा सगळा लेख त्या एका शब्दावर आहे, म्हणून थोडं थांबते.

टोर्नेडो म्हणजे ढगाच्या पोटातून खाली जमिनीपर्यंत आलेला, जोरात फिरणारा हवेचा खांब. त्यासाठी मोठा गडगडाटी ढग तर लागतोच, शिवाय वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याची दिशा आणि वेग बरेच वेगळे असावे लागतात. भारतात तो होतच नाही असं नाही. 17 मार्च 1978 ला दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरातून गेलेला टोर्नेडो पुस्तकांत नोंदलेला आहे. बंगाल, ओडिशा, बांगलादेश या पट्ट्यातही होतात. वावटळ वेगळी. ती तापलेल्या जमिनीवरून वर उठते, तिला ढगाची गरज नसते, आणि बहुतेक वेळा ती टोप्या आणि पेपर उडवून विरून जाते. (फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात मुंढवा-केशवनगरला नदीवर डासांचे उंच खांब दिसले, त्यालाही सगळ्यांनी 'टोर्नेडो'च म्हटलं. हा शब्द आपल्याला भारी आवडतो!)

आमच्याकडे जे आलं ते तिसरंच. दिवसभर जमीन तापते, ढग उंच वाढतो, त्यातून पाऊस सुटतो. पण खालची हवा इतकी कोरडी असते की बरेचसे थेंब वाटेतच वाफ होऊन जातात. वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतात. हवा थंड होते, म्हणून जड होते, आणि धाडकन खाली येते. जमिनीवर बादली उपडी केली तर पाणी जसं चारी बाजूंना पसरतं तशी ती पसरते. पुढे धुळीची भिंत, मागे वारा, आणि नशीब असेल तर मागून पाऊस. गल्लीत जे गोल फिरत होतं ते दोन इमारतींच्या कोपऱ्यांमुळे. तो टोर्नेडो आमच्या बिल्डरने बनवला होता!

हे ओळखायची युक्ती ज्यांनी शोधली ते तेत्सुया फुजिता. टोर्नेडोची तीव्रता मोजायची फुजिता स्केल 1971 मध्ये त्यांनीच काढली. अणुबॉम्बनंतर ते नागासाकीला गेले होते आणि स्फोटाच्या जागेपासून सगळं बाहेरच्या दिशेने कसं आडवं झालंय ते त्यांनी पाहिलं होतं. पुढे अमेरिकेत विमानातून वादळाचं नुकसान बघताना काही ठिकाणी तशीच, चांदणीसारखी बाहेर पडलेली झाडं त्यांना दिसली. टोर्नेडोत झाडं वेडीवाकडी, एकमेकांवर पडतात. ही तशी नव्हती. म्हणजे हवा फिरली नव्हती, वरून आपटली होती. 1975 मध्ये न्यूयॉर्कला उतरताना एक विमान पडलं, त्याचं कारणही त्यांनी हेच सांगितलं. टोर्नेडोचा एवढा मोठा माणूस, पण "हा टोर्नेडो नाही" हे सांगण्यातही त्याने तितकंच नाव कमावलं. हे फर्स्ट इयरला वाचलं तेव्हा मला आमच्या रस्त्यावरचे दोन गुलमोहर आणि एक सुबाभूळ आठवले. दुसऱ्या दिवशी तिन्ही एकाच दिशेला डोकं करून झोपल्यासारखे पडले होते.

आता तुम्ही म्हणाल, टोर्नेडो म्हणा नाहीतर वळीव म्हणा, पत्रा उडायचा तो उडणारच. फरक काय पडतो? माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो. टोर्नेडो म्हटलं की तो निसर्गाचा कोप. शंभर वर्षांतून एकदा येणार, कोण काय करणार? वळीव म्हटलं की तो पाहुणा, दर एप्रिल-मेमध्ये येणारा. दरवर्षी येणाऱ्या पाहुण्याने घर मोडलं तर दोष पाहुण्याचा की घराचा?

तारखा बघा. 9 एप्रिल 2023, अकोला जिल्ह्यातलं पारस गाव : वादळी पावसात कडुलिंबाचं झाड पत्र्याच्या शेडवर पडलं, शेडखाली आसरा घेतलेली 7 माणसं गेली. बरोबर आठ दिवसांनी, 17 एप्रिलला, पिंपरी-चिंचवडला किवळ्याजवळ होर्डिंग कोसळलं आणि 5 जण गेले. तेही वाऱ्या-पावसापासून वाचायलाच तिथे थांबले होते! आणि पुढच्या मे महिन्यात घाटकोपर. यातलं टोर्नेडो एकही नाही.

घाटकोपरचं होर्डिंग 120 बाय 120 फूट होतं. मुंबई महापालिकेच्या नियमात कमाल मर्यादा 40 बाय 40. म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. आपल्याकडे वाऱ्याच्या लोडचा कोड आहे, आयएस 875 भाग 3. त्यात मुंबईसाठी बेसिक विंड स्पीड 44 मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. सिव्हिलच्या मुलांना हे पाठ असतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट तर दाब चौपट. समजा वारा ताशी फक्त 90 किलोमीटर आहे. तरी प्रत्येक चौरस मीटरला साधारण 375 न्यूटन. 120 बाय 120 फुटांवर हे होतं जवळपास 50 टन, आणि तेही आडवं! कोडमधल्या वेगाला याच्या तिप्पट. त्यामुळे "अचानक वादळ आलं" हे वाक्य पेपरमध्ये वाचलं की मला राग येतो. वारा अचानक आला असेल, पण कोड तर कित्येक वर्षं कपाटात होता ना?

हेच गणित आमच्या गच्चीला लावा. दहा फूट बाय साडेतीन फुटांचा पत्रा म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. त्याच 90 च्या वाऱ्यात त्याला वर उचलणारा जोर सव्वाशे किलोच्या आसपास. पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम 13 किलो. उघड्या शेडमध्ये वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो. राहिलेला सगळा भार असतो त्या जे-हुकवर, ज्याचा वॉशर दोन पावसाळ्यांत गंजून जातो.

एक मान्य करायला हवं. आम्हा बदलापूरकरांना भीती पाण्याची. 26 जुलै 2005, मग 2019 च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस... उल्हास नदीकडे आम्ही वेगळ्याच नजरेने बघतो. वाऱ्याकडे नाही. शिवाय चक्रीवादळ निदान सांगून येतं. निसर्ग आलं तेव्हा, जून 2020 मध्ये, आम्ही दोन दिवस आधीपासून खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होतो. वळवाचा इशारा मिळतो तो दोन-तीन तास आधी, कधी तेवढाही नाही, आणि फोनवर आलेला तो मेसेज आपण न वाचताच बाजूला सारतो. एवढ्या वेळात नवीन बोल्ट लावता येत नाहीत. ते आधीच लावलेले असावे लागतात.

म्हणून गेल्या वर्षी मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिले. (सरासरी वय पंचावन्न, आणि चहा येईपर्यंत कुणी ऐकत नाही.) सगळे हुक तपासू, कडेच्या दोन रांगांना डबल हुक मारू, आणि एप्रिल-मेमध्ये कडेखाली कुणी बसायचं नाही, एवढंच म्हटलं. खर्चाचा अंदाजही नेला होता. कमिटीतले एक काका हसून म्हणाले, "बेटा, तसा टोर्नेडो आता परत थोडाच येणार आहे? तूच तर व्हिडिओ पाठवला होतास ना!" सगळे हसले. मला बोलताच आलं नाही. तो शब्द मीच सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घातला होता.

ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला. पुढची मीटिंग अजून व्हायची आहे. मध्यंतरी एका रविवारी मी आणि बाबा पाना घेऊन वर गेलो आणि एकेक हुक हलवून बघितला. कडेच्या दोन रांगांत मिळून 36 हुक, त्यातले 9 हाताने फिरत होते. ते आम्ही आमच्या पैशाने बदलले. समोरच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, "काय गं, काय चाललंय?" मी ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आमचेही बघून जा की. कुरडया देते."

पुढच्या रविवारी जायचं ठरलंय.