तापलेलं कार्ड आणि 'नवीन घ्या' संप्रदाय

लॅपटॉप तापतो म्हटलं की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो, "जुना झालाय, नवीन घ्या." दुकानदार तेच म्हणतो, पुण्याहून आलेले पाहुणेही तेच. मला या सल्ल्याचा मनापासून राग आहे.

आमच्या शिराळ्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा 35 च्या वर जातो. आणि बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, भोवतालचं तापमान 35 अंशांपर्यंत. म्हणजे पत्र्याखालच्या खोलीत हे यंत्र चालेल, असा विचार बनवणाऱ्याने केलेलाच नाही. मग दोष वयाचा कसा?

माझ्या भाच्याचा सेकंडहँड लॅपटॉप असाच तासाभरात बंद पडायचा. आत एएमडीचं कार्ड, वर लिनक्स. आधी धूळ काढली, पेस्ट बदलली. ते करायलाच हवं, त्याला पर्याय नाही. मग कार्डाच्या वेगाची पातळी 'ऑटो'वरून 'लो' केली. रूट होऊन एका फाइलीत एक शब्द लिहायचा, आणि रीस्टार्टनंतर तो पुसला जातो म्हणून सुरू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये टाकायचा. बस्स! नव्वदीपलीकडे जाणारा आकडा सत्तरीत थांबला. खर्च फक्त पेस्टचा.

यात जादू नाही, गणित आहे. चिपची उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग 70 टक्के आणि व्होल्टेज 85 टक्के केलं, तर उष्णता जवळजवळ निम्मी. वेग गेला तिसरा हिस्सा, ताप गेला अर्धा. याहून चांगला सौदा बाजारात दाखवा.

"पण पैसे पूर्ण वेगाचे दिलेत ना?" असं एका मित्राने विचारलं. अरे बाबा, गाडी शंभरने पळते म्हणून शिराळा ते कोकरूड तू शंभरने जातोस का? पोराला प्रोग्रॅमिंग शिकायचंय आणि लेक्चरं बघायचीत. गेम खेळणाऱ्याने खुशाल पातळी वर न्यावी.

आणि कंपन्यांच्या चिपा नेहमी निर्दोष असतात असंही नाही. जुलै 2008 मध्ये एनव्हिडियाने स्वतःच जाहीर केलं, की लॅपटॉपमधल्या त्यांच्या काही चिपा पॅकेजिंगच्या मालामुळे जास्त प्रमाणात निकामी होताहेत. त्यासाठी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढले. तापणं-थंड होणं या चक्रानेच असे सांधे तुटतात.

याच कंपनीने 2014 पासूनच्या कार्डांना सही केलेलं फर्मवेअर लावलं. त्यानंतरच्या काही पिढ्यांत नूवो हा मुक्त ड्रायव्हर कार्डाचा वेग बदलूच शकत नाही. कार्ड आपलं, पैसे आपले, किल्ली मात्र त्यांच्याकडे!

माझं भांडण इथं आहे. यंत्र हळू चालवायचा हक्क मालकाचा असला पाहिजे. म्हणून घेताना रॅम किती हे विचारता, तसं "याचा वेग मला कमी करता येईल का?" हेही विचारा. दुकानदार बघत राहील. राहू दे.