ग्री-ग्रीचा किनारा

मॉरिशसला गेलेला माणूस परततो तो निळ्या, संथ पाण्याचे गोडवे गात. बेटाभोवती पोवळ्यांच्या खडकांचे कडे आहे. लाटा तिथेच फुटतात आणि आत सारे तळ्यासारखे. दक्षिणेला सुयाकजवळ, ग्री-ग्री येथे, मात्र हे कडे तुटले आहे. समुद्र थेट अंगावर येतो, म्हणून माणसे थोडी. आम्हांला हवा तो एकांत मिळाला. धोक्याची पाटी होती. पण पाट्या वाचायला का कुणी इतक्या दूर जातो? सौभाग्यवतींनी चपला काढल्या, मीही विजार दुमडली.

तोच मागून हाक आली, ‘‘नको! बाय, नको!’’

एक वृद्ध गृहस्थ हात हलवीत होते. मी उत्साहाने मराठी सुरू केले, तर ते नुसतेच हसले. पुढचे सारे क्रिओल आणि मोडके इंग्रजी. 1834 पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये गेले, त्यांत आपली कोकणातलीही माणसे होती. आजीचे उरलेले शब्द त्यांनी बोटांवर मोजून दाखवले : आई, पाणी, भात, देव... दुसरा हात पुरता लागला नाही.

निघताना ही म्हणाली, ‘‘येतो हं, काका.’’

‘‘येतो,’’ त्यांनी हळूच म्हणून पाहिले. मग पुन्हा एकदा.