मिल्खाची मान आणि कंपनीची गळती

राकेश ओमप्रकाश मेहरा यांचा ‘भाग मिल्खा भाग’ (२०१३) सुरू होतो तोच रोम ऑलिंपिकच्या चारशे मीटरच्या अंतिम शर्यतीने. धावता धावता मिल्खा मान वळवतो, फाळणीतला पाठलाग डोळ्यांसमोर येतो आणि पदक हातचं जातं. पुढचे तीन तास चित्रपट त्या वळलेल्या मानेचा उलगडा करत राहतो.

खुद्द मिल्खासिंग मात्र मुलाखतींमध्ये साधं कारण सांगत. आपण फार जोरात पळतोय असं वाटून अडीचशे मीटरच्या आसपास त्यांनी वेग आवरला आणि ती कसर नंतर भरून निघाली नाही. शिवाय १९६० ची ती शर्यतच विलक्षण होती. अमेरिकेचा ओटिस डेव्हिस आणि जर्मनीचा कार्ल कॉफमन या दोघांनीही ४४.९ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवला. दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स ४५.५ सेकंदांत तिसरा आला, मिल्खा ४५.६ मध्ये चौथा. याच स्पेन्सला दोन वर्षांपूर्वी कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मिल्खाने हरवलं होतं. फाळणीची जखम तेव्हाही तितकीच ओली होती.

सिनेमाला एक ठसठशीत कारण लागतं. त्याबद्दल मेहरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण नोकरी सोडून जाणाऱ्या माणसांचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्याही नेमकं हेच करतात, तेव्हा ते महागात पडतं.

या हिशेबाचं सूत्र शाळकरी आहे. वर्षभरात किती जण गेले, त्याला सरासरी कर्मचारीसंख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. हजार माणसांतून १२० गेली की गळती १२ टक्के. पण ही १२० माणसं दहा-दहा वर्षं मुरलेली होती, की रुजू होऊन सहा महिन्यांत पळालेली नवी पोरं? सगळी एकाच मॅनेजरच्या हाताखालची होती का? आकडा तोच राहतो, दुखणं मात्र साफ वेगळं असतं. चारशे मीटरच्या धावपटूची शंभर-शंभर मीटरची वेळ वेगळी पाहिल्याशिवाय तो कुठे ढिला पडला हे कोणताही प्रशिक्षक सांगणार नाही.

त्यात कारणांची नोंद होते ती एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये. रिलीव्हिंग लेटर आणि शेवटचा हिशेब हाती यायचा असताना साहेबांच्या तोंडावर खरं कोण बोलेल? ‘बेटर अपॉर्च्युनिटी’ किंवा ‘पर्सनल रीझन’ म्हणायचं आणि निघायचं. ‘राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू’ असं सांगितलेला माणूसही कागदोपत्री स्वखुशीनेच गेलेला असतो.

आकडा उतरला म्हणजे सगळं सुधारलं, असंही नाही. २०२२ च्या जून तिमाहीत इन्फोसिसची गळती २८.४ टक्क्यांवर गेली होती. टीसीएसमध्ये ती त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत २१.५ टक्के झाली आणि मार्च २०२४ ला १२.५ वर आली. मात्र त्याच २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसची एकूण कर्मचारीसंख्या १३ हजारांहून अधिकने घटली. बाहेर नोकरभरतीच आटली होती. दार उघडं नसेल तर माणूस जागेवरच बसतो. ते समाधान समजणं भाबडेपणाचं आहे.

या विषयातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण हेन्री फोर्डचं. १९१३ मध्ये त्याच्या डेट्रॉइटजवळच्या कारखान्यात सुमारे १४ हजार माणसं टिकवायला वर्षभरात ५२ हजारांवर माणसं भरावी लागली. गळती ३७० टक्के. जानेवारी १९१४ मध्ये त्याने रोजाचे पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर केली आणि गळती झपाट्याने खाली आली. लोकांच्या लक्षात राहिले ते पाच डॉलर. पण त्याआधीच, १९१३ च्या शरदात, जॉन ली या त्याच्या अधिकाऱ्याने माणूस वाटेल तेव्हा हाकलण्याचा फोरमनचा अधिकार काढून घेतला होता आणि पगारांची घडी नव्याने बसवली होती. पाच डॉलरची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून ली मागे पडला.

आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीचा दर स्त्री-पुरुष असा वेगळा, तीन वर्षांचा, जाहीर करायला लावला आहे. पाऊल चांगलं, पण अपुरं. कंत्राटी माणसं या दरात धरलीच जात नाहीत आणि कोण किती काळ टिकून गेलं हेही त्यातून कळत नाही. पहिल्या वर्षात किती गेले, पाच वर्षांनंतर किती गेले, कंत्राटदाराकडचे किती गेले, या तीन आकड्यांची सक्ती सेबीने करावी. आणि हिंजवडीत किंवा ऐरोलीत मुलाखतीला बसलेल्या उमेदवारानेही पगाराचं बोलणं झाल्यावर एवढं जरूर विचारावं: मी ज्या टीममध्ये येतोय, तिथून गेल्या वर्षी किती जण गेले आणि ते किती महिने टिकले होते?