बाळाला फोटोला नेताना घड्याळ बाळाचं चालू द्या

कर्जतजवळच्या कोंडाण्यात, कोंडिवड्यात किंवा आसपासच्या वाड्यांवर बाळ जन्मलं की बारशाच्या आधीच घरात विषय निघतो, एकदा स्टुडिओत नेऊन चांगला फोटो काढू या. हौस चांगलीच आहे, ती जरूर करा. मोबाइलमध्ये कितीही फोटो असले तरी नीट उजेडात, नीट बसवून काढलेल्या एका फोटोची सर त्यांना येत नाही. पण हा दिवस बहुतेक घरांत मोठ्यांच्या सोयीने ठरतो. रविवार आहे, मामा मुंबईहून आलाय, गाडी रिकामी आहे, चला. तिथे बाळ रडतं आणि मग सगळे म्हणतात, आमचं बाळ फार चिडकं. बाळ चिडकं नसतं. त्याची झोपायची वेळ झालेली असते.

आधी दिवस कसा निवडायचा ते सांगते. सरकारी वेळापत्रकात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना बाळाला इंजेक्शनं असतात. त्यानंतर एक-दोन दिवस अंग कोमट लागतं, मांडी दुखते, बाळ किरकिरतं. म्हणून लसीकरणाच्या दिवसाला लागून फोटो ठरवू नका, मध्ये किमान चार दिवस सोडा. साडेतीन महिन्यांचा डोस झाला की पुढचा एकदम नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाचा. मधला काळ मोकळा असतो आणि योगायोगाने फोटोलाही तोच सगळ्यात चांगला. चौथ्या महिन्याच्या आसपास मान धरते, बाळ ओळखीच्या आवाजाकडे बघून हसतं. सहा ते आठ महिन्यांत बसायला लागतं. नवव्या-दहाव्या महिन्यात ते रांगत सुटतं आणि अनोळखी माणसाला बघून आईला बिलगतं, तेव्हा फोटोवाल्याची खरी परीक्षा. मला विचाराल तर पहिला फोटो सातव्या महिन्याच्या सुमारास काढा. उष्टावण झालेली असते, बाळ बसतं आणि घाबरायलाही फारसं शिकलेलं नसतं.

हल्ली दहा-बारा दिवसांच्या बाळाला टोपलीत घालून, गुंडाळून फोटो काढायची पद्धत आली आहे. इंटरनेटवर तुम्ही पाहिलं असेल, इवलंसं बाळ दोन्ही हातांवर हनुवटी टेकून बसलंय. तसं ते बसलेलं नसतं. एका फोटोत कुणीतरी डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं धरलेली असतात, आणि दोन फोटो जोडून मधले हात कॉम्प्युटरवर पुसलेले असतात. ज्याला हे माहीत नाही तो खरंच तसं बसवायला जातो आणि मान कोलमडते. तुमच्या फोटोवाल्याने हे काम शिकलेलं नसेल तर त्या वयात बाळाला आईच्या मांडीवर ठेवूनच फोटो काढा. आणि बाळ दिवसांआधी जन्मलं असेल किंवा वजन कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फोटो महिनाभराने निघाला म्हणून काही बिघडत नाही.

आता प्रवास. कोंडाण्याहून कर्जतच्या स्टुडिओत यायचं म्हणजे खड्डे, धूळ, एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार, आणि आषाढ-श्रावणात गुडघ्यापर्यंत चिखल. दुचाकीवर आईने बाळाला पुढे धरून आणू नका. रिक्षा किंवा गाडी करा, शेजारच्यांबरोबर खर्च वाटून घ्या. सकाळची वेळ घ्या, उन्हाळ्यात दहाच्या आत घरी परत. काही जण बदलापूर-कल्याणच्या मोठ्या स्टुडिओत नेतात. कर्जतहून बदलापूर म्हणजे भिवपुरी रोड, नेरळ, शेलू, वांगणी ओलांडून जायचं. सकाळच्या मुंबईकडच्या गर्दीत बाळंतिणीने तान्ह्याला घेऊन चढणं मला पटत नाही. गर्दी ओसरल्यावरची गाडी धरा आणि पोहोचल्यावर अर्धा तास बाळाला नुसतं खेळू द्या.

स्टुडिओत शिरताच काय होतं ते बारकाईने पाहा. सॅटिनचा फ्रॉक, त्याला चमचमती जाळी, डोक्यावर इलास्टिकचा पट्टा आणि त्यावर मोठं फूल. पाच मिनिटांनी पट्टा काढला तर कपाळावर कानापासून कानापर्यंत लाल वळ उठलेला असतो. जाळी मानेला टोचते म्हणून बाळ सारखं डोकं वळवतं, आणि समोरून चारजण टाळ्या वाजवत ओरडत असतात, इकडे बघ, इकडे बघ! त्याने बघावं तरी कुणाकडे? आई सोडून बाकीच्यांना बाहेरच्या बाकावर बसवा. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ एकच ओळखीचं माणूस, एकच आवाज, हातात रोजचाच खुळखुळा.

बाळ स्थिर बसलंच पाहिजे हा आग्रहही जुन्या काळातला आहे. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. नारायण दाजींसारखी मराठी माणसं त्या सुमारास कॅमेरा हाताळत होती. तेव्हा काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि समोरच्याला काही सेकंद श्वास रोखून बसावं लागे. मूल हललं की चेहरा पुसला जाई. आजचा कॅमेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो घेतो. बाळाने हात-पाय उडवावेत, जांभई द्यावी, मूठ तोंडात घालावी, सगळं टिपता येतं. त्याला दाबून धरायची काहीच गरज नाही.

कपडे घरचे न्या. दोन-तीन वेळा धुऊन मऊ झालेलं सुती झबलं, आजीने शिवलेली कुंची, जुन्या लुगड्याची गोधडी. स्टुडिओतला प्लास्टिकचा भोपळा आणि कागदी चंद्र हजार बाळांच्या फोटोत आहेत, तुमच्या घरची गोधडी तुमच्याच बाळाच्या फोटोत असेल. जास्तीची दोन झबली, लंगोट, दुपटं, पुसायला ओलं फडकं बरोबर असू द्या. वाळे-मनगट्या घालायच्या तर घुंगरू पक्के आहेत ना ते ओढून बघा, सुटा मणी थेट तोंडात जातो. गळ्यातला काळा दोरा फोटोपुरता तरी काढून ठेवा. तेलाने मालीश केलीत तर अंघोळीत नीट उतरवा, नाहीतर कपाळ दिव्याखाली चकाकतं. पावडर फासू नका, ती श्वासात जाते. काजळाबद्दल आजी रागावतील, पण सांगते. बाजारातल्या काही काजळांत शिसं आढळलं आहे आणि डॉक्टर ते डोळ्यांत घालू नका म्हणतात. दृष्ट लागेल अशी काळजी वाटत असेल तर तीट तळपायाला लावा, तिथे ती फोटोतही दिसत नाही.

निघण्याआधी बाळाची झोप झालेली असावी. दूध पाजून लगेच पोटावर झोपवू नका, ढेकर काढून वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. मध्ये भूक लागली तर फोटो थांबवून पाजा. त्यासाठी पडदा लावलेला कोपरा आहे का, हे आगाऊ रक्कम देण्याआधीच विचारा. रडणं थांबवायला चोखणीला मध लावायची सवय अजून काही घरांत आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, त्यातून होणारा आजार जिवावर बेतू शकतो. त्या दिवशी नवा पदार्थही भरवू नका.

फोटोवाल्याशीही मोकळेपणाने बोला. हात धुतले का, अंगाखालचं कापड आज धुतलेलं आहे का, हे विचारण्यात अपमान नाही. कुणी खोकत असेल तर दुसरा दिवस मागा. बाळाचे कपडे काढणार असतील तर एसी आणि पंखा बंद ठेवायला सांगा. पैशाचं बोलणं आधी करा आणि बिलावर लिहून घ्या. फोटो किती मिळणार, छापील किती, अल्बमचे वेगळे का, किती दिवसांत. आमच्या परवानगीशिवाय बाळाचा फोटो इन्स्टाग्रामवर किंवा दुकानाच्या फलकावर लावायचा नाही, हेही त्याच बिलावर लिहा. उघड्या अंगाचे फोटो तुम्हीही व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. बाळ उद्या मोठं होणार आहे, त्याची लाज आज तुमच्या हातात आहे.

अर्ध्या तासात बाळ कंटाळलं तर थांबा. चार फोटो चांगले आले असतील तर पुरे. एकही आला नसेल तर दुसरी तारीख घ्या, आणि ती विनाशुल्क मिळेल का हेही आधीच ठरवून ठेवा. कोंडाण्याच्या लेण्यांपाशी, धबधब्यापाशी फोटो काढू अशी टूम निघाली तर पावसाळ्यात तान्ह्याला घेऊन ती वाट चढू नका. लेणी कुठे जात नाहीत, बाळ चालायला लागलं की न्या.

त्या लेण्यांच्या दर्शनी भागात ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे, कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्याला कळतं आणि आपल्या ट्रंकेतल्या जुन्या फोटोंतलं बाळ आत्या की काका, यावर घरात वाद होतो. मोबाइल हरवतो, बिघडतो, त्यातलं सगळं जातं. तेव्हा निदान दोन फोटो कागदावर छापून घ्या, एक आजोळी द्या, आणि मागे मऊ पेन्सिलीने बाळाचं नाव, वय, तारीख आणि गाव लिहून ठेवा.