नाताळच्या आधीचे चार रविवार

नोव्हेंबर संपत आला की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. रंग कधी काढायचा, शिंप्याकडे कापड कधी टाकायचं, केक घरी करायचा की बाहेरून आणायचा, गोठ्यावर यंदा किती माळा सोडायच्या. त्यात वाईट काही नाही. सण आहे, घर सजलंच पाहिजे. पण पंचवीस तारखेची दुपार आठवा. घरातली बाई कंबर धरून बसलेली असते, पुरुष आडवे झालेले असतात, मुलं मोबाइलमध्ये असतात. सण आला कधी आणि गेला कधी, कुणाच्या लक्षातही येत नाही.

यंदा एवढंच करा. कामं थोडी कमी करा आणि वाट पाहायला थोडा वेळ ठेवा.

त्यासाठीच तर आगमनकाळ आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्या दिवसापासून वेदीवर जांभळा रंग येतो. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी दिसतो, म्हणजे आता फार दिवस उरले नाहीत. देऊळसुद्धा आपला आनंद राखून ठेवतं. आपण मात्र डिसेंबर लागायच्या आतच केक कापून मोकळे होतो! तुमच्या चर्चमध्ये आगमनकाळ पाळत नसतील, तरी चार रविवार तुम्हालाही आहेतच.

रविवारी दिवेलागणीला एका ताटात चार मेणबत्त्या ठेवा. भोवती सुरूच्या डहाळ्या लावा, नाहीतर आंब्याची पानं. विकतचं काही लागत नाही. पहिल्या रविवारी एक पेटवा, दुसऱ्या रविवारी दोन. घरातले दिवे दहा मिनिटं बंद करा, टीव्हीही. पेटवायचा मान घरातल्या सगळ्यात लहान मुलाला द्या, हात मात्र मोठ्यांनी धरा. ताट पडद्यापासून लांब ठेवा.

ही रीत मुलांसाठीच निघाली. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारून भंडावून सोडायची. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर रोजची एक छोटी आणि रविवारची एक मोठी अशा मेणबत्त्या लावल्या. मुलांना दिवस मोजता येऊ लागले. तुमच्याही मुलांना मोजू द्या.

मेणबत्ती पेटली की थोडं वाचा. लूकलिखित शुभवर्तमानाचे अध्याय बरोबर चोवीस आहेत. १ डिसेंबरला सुरुवात केली आणि रोज एक वाचला, तर चोवीस तारखेला पुस्तक पूर्ण होतं. पहिला अध्याय फार लांब आहे, तो दोघांनी मिळून वाचा. जुनं भाषांतर मुलांना जड जात असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्या. बाळाचा जन्म दुसऱ्याच अध्यायात होऊन जातो, मग पुढे कशाला वाचायचं, असं कुणी विचारेल. तो बाळ मोठा होऊन काय बोलला, कुणाच्या घरी जेवला, कुणाला शिवला, हे ठाऊक नसेल तर गोठ्यापुढे आपण नुसत्या बाहुलीला हात जोडतो. मला तरी असं वाटतं.

एखाद्या संध्याकाळी वाचन चुकलं तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय वाचा. त्यावरून घरात वाद घालू नका.

पहिल्या अध्यायातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मरीयेला निरोप मिळाला, तेव्हा तिने घर आवरायला घेतलं नाही. ती लगबगीने डोंगराळ भागात निघाली, म्हाताऱ्या वयात दिवस गेलेल्या अलीशिबेकडे. तिथे ती सुमारे तीन महिने राहिली. तुमच्याही नात्यात एखादी मावशी किंवा आत्या एकटी राहत असेल. तिच्याकडे पंचवीस तारखेला गर्दीत पाच मिनिटं डोकावू नका. आधीच एक दुपार काढा. तिच्या माळ्यावरचे डबे खाली काढून द्या, जळमटं काढा, औषधं संपत आली असतील तर आणून द्या. तिच्या हातचा चहा प्या. तुमच्या घराचा एक पडदा धुवायचा राहिला तरी चालेल.

आता गोठ्याचं. अलीकडे गोठ्यात धबधबा असतो, आगगाडी धावते, कारंजं उडतं. स्पर्धेत बक्षीसही त्या धबधब्यालाच मिळतं, बाळाकडे कुणी बघत नाही. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळचा देखावा उभा केला, तेव्हा तिथे होतं काय? गवत घातलेली गव्हाण, खरा बैल, खरं गाढव. गरिबीत जन्म म्हणजे काय, ते लोकांना डोळ्यांनी दिसावं एवढाच त्यांचा हेतू होता.

तुम्ही नाचणी पेरा. मूठभर नाचणी रात्रभर भिजवा. पसरट ताटात बोटभर माती घालून तिच्यावर दाट पसरा, वरून मातीचा अगदी पातळ हात द्या. रोज हाताने पाणी शिंपडा, ओतू नका, नाहीतर दाणे एका कडेला वाहून जातात. बारा-तेरा तारखेला पेरलंत तर चोवीस तारखेपर्यंत गोठ्यापुढे हिरवंगार शेत उभं राहतं. हे काम मुलांकडे सोपवा. सकाळी उठून अंकुर किती वर आला ते बघणारं मूल वाट पाहायला आपोआप शिकतं.

गव्हाण मात्र चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. शेजारी वाटीत सुकं गवत ठेवा. घरात कुणी काही चांगलं केलं, तर त्याने एक काडी गव्हाणीत टाकायची. कुणी टाकली, का टाकली, हे विचारायचं नाही. मोठ्यांनीही टाकायची.

स्वयंपाकघराबद्दल थोडं कडक बोलतो. नेवऱ्या, कलकल, फुगे, केक, हे सगळं एका बाईच्या हातून होत असेल तर तो सण तिच्यासाठी नाही. कलकलचं पीठ मळलं की सगळ्यांना बसवा. सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबायची आणि गुंडाळत आणायची. नवा कंगवाही चालतो. आजोबांच्या हातची वाकडी होतील, मुलांची जाड होतील. तळल्यावर सगळी सारखीच लागतात. हात चालू असताना गाणी म्हणा. ‘उपासना संगीत’ घरात असेल तर रेव्हरंड टिळकांची भजनं काढा. ती पेटीशिवायही म्हणता येतात.

आता भांडणांबद्दल. माझ्या लेखी खरी तयारी इथेच आहे, आणि आपण नेमकी तीच टाळतो.

प्रत्येक घरात एक दार बंद असतं. वाडीच्या वाटणीवरून भावाभावांत बोलणं नाही. लग्नात मान द्यायचा राहिला म्हणून नणंद येत नाही. नाताळला दोघंही त्याच मिस्साला जातात आणि दोन वेगळ्या दरवाजांनी बाहेर पडतात. यंदा तुम्ही पुढे व्हा. चूक कुणाची ते आत्ता ठरवू नका.

मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवू नका. ते सगळ्यांनाच जातं. स्वतः जा, आणि पंचवीस तारखेच्या आधीच्या आठवड्यात जा. सणाच्या दिवशी माणसं जमलेली असतात, समोरच्याला धड बोलता येत नाही. संध्याकाळी जा, एकटे जा. हातात कलकलचा डबा असू द्या. जमिनीचा विषय काढू नका, तो कागदपत्रांचा विषय आहे, त्याला वेगळा दिवस आहे. “बरेच दिवस आलो नव्हतो, म्हटलं भेटून यावं,” एवढं म्हटलंत तरी पुरे. दार उघडलं नाही, तर डबा पायरीवर ठेवा आणि रागावून परतू नका. जायचं धैर्य होत नसेल, तर आधी फादरांशी किंवा पाळकांशी बोला. आगमनकाळात पापनिवेदनासाठी मुद्दाम वेळ ठेवलेली असते, ती उगाच नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. पहिल्याच रविवारी खर्चाचा आकडा कागदावर लिहा आणि नवरा-बायको दोघांनीही तो पाळा. कपड्यांसाठी हप्त्यावर कर्ज काढू नका. मोबाइलवर पाच मिनिटांत पैसे देणाऱ्यांपासून तर लांबच राहा. योहान बाप्तिस्ता लोकांना सांगत असे की, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसणाऱ्याला द्यावा. कपाट उघडा आणि मोजा. द्यायचे कपडे धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून द्या.

फराळाची ताटं भरताना ज्या घरी यंदा कुणी गेलं आहे, त्या घरचं ताट सगळ्यात आधी भरा. तिथे चूल पेटते, पण गोडधोड होत नाही. गेलेल्या माणसाचं नाव काढायला घाबरू नका. तिथल्या लोकांना तेच ऐकायचं असतं. दिवाळीत ज्यांचा डबा तुमच्याकडे आला, त्यांचा डबा रिकामा परत करू नका.

पुरुषांना एक सांगतो. चोवीस तारखेची रात्र पिण्यासाठी नाही. मध्यरात्रीच्या मिस्साहून येताना मुलं मागे बसलेली असतात. रस्त्यावर त्या रात्री गाड्याही वेगात असतात. हेल्मेट घाला, हळू चालवा.

सव्वीस तारखेला गोठा काढू नका. पंचवीसला सण संपत नाही, सुरू होतो. तीन राजे ६ जानेवारीला पोचतात. त्यांच्या मूर्ती आधी लांब, खिडकीपाशी ठेवा, मुलं त्यांना रोज वीतभर पुढे सरकवतील. ज्यांच्याकडे जायचं राहिलं, त्यांच्याकडे या दिवसांत जा. बहुतेकांकडे तेव्हा बसायला वेळ असतो, आणि बरणीत थोडी कलकलही उरलेली असतात.