शुद्धिपत्रकाचा धडा

फरीदाबाद हे दिल्लीच्या दक्षिणेस वसलेले कारखान्यांचे शहर. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी येथे नवी वसाहत उभारली गेली आणि पुढे केंद्र सरकारची अनेक कार्यालयेही येथे आली. त्यांपैकीच एका कार्यालयात काही वर्षे माझी नेमणूक होती. तेथील एक छोटी घटना आज मुद्दाम सांगतो, कारण तिच्यातील चूक माझी होती.

आमच्या संगणक कक्षात एक डीव्हीडी जपून ठेवलेली असे. तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिमची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे तांत्रिक भाषेत डिस्क इमेज, होती. एखादे यंत्र बिघडले की त्या प्रतीवरून ते पुन्हा उभे करावयाचे. ‘हीच प्रत प्रमाण समजावी’ असा आदेश माझ्याच सहीने निघाला होता. ती प्रत अद्ययावत कोणी करावयाची आणि किती दिवसांनी करावयाची, याविषयी मात्र त्या आदेशात एक शब्दही नव्हता.

पुढे निवृत्तिवेतन शाखेतील एक यंत्र बंद पडले. त्या प्रतीवरून ते तासाभरात सुरू झाले आणि लगेच नेटवर्कला जोडले गेले. परंतु ती प्रत दोन वर्षांपूर्वीची होती. दोन वर्षांतील सुरक्षा-दुरुस्त्या उतरवून घेण्यापूर्वीच त्या यंत्रात विषाणू शिरला आणि शाखेच्या सामायिक फोल्डरमधील कागद निकामी झाले. त्यांत एका निवृत्त शिपायाच्या वेतननिश्चितीची टिपणी होती. तो बल्लभगढहून तीन वेळा आला. ‘साहब, कागज़ तो मैंने दे दिए थे,’ एवढेच तो म्हणे. ते खरेच होते. त्याने कागद दिले होते, आम्हाला ते राखता आले नाहीत.

ही केवळ आमच्या कार्यालयाची गोष्ट नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या विषाणूने जगभरातील रुग्णालये, कारखाने आणि कार्यालये ठप्प केली. ज्या फटीतून तो आत शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्च महिन्यात दिलेली होती. औषध उपलब्ध होते, पण ते यंत्रापर्यंत पोहोचले नव्हते. प्रशासनातील पुष्कळशा अपयशांचे स्वरूप असेच असते.

मी आमच्या अभियंत्याला विचारले, की प्रत नवी का केली नाही? त्याचे उत्तर प्रामाणिक होते. मुख्यालयाकडून येणारी नवी इमेज चार गिगाबाइटहून मोठी. लाइन मंद. रात्रभर उतरवत ठेवावी तर पहाटे मध्येच तुटते. म्हणून काम पुढे पुढे ढकलले गेले. त्याच्या उत्तरात एक गृहीत दडलेले होते: अद्ययावत करणे म्हणजे सगळे पुन्हा आणणे. हे गृहीतच चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचे आपल्या जुन्या कारकुनांना चांगले ठाऊक होते.

नियमपुस्तिकेत बदल झाला म्हणून कोणी संपूर्ण पुस्तिका पुन्हा छापून गावोगावी धाडीत नसे. शुद्धिपत्रक निघे, त्यावर क्रमांक असे, आणि कारकून ती चिठ्ठी नेमक्या पानावर डकवी. महसूल खात्याची पद्धतही तीच. जमिनीच्या हक्कात बदल झाला की गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवला जातो. तो प्रमाणित झाला की तेवढाच बदल सातबाऱ्यावर येतो. मूळ प्रत कायम आणि प्रवास केवळ फरकाचा, हे तत्त्व आपल्या दप्तरात फार पूर्वीपासून आहे.

संगणकशास्त्राने हेच तत्त्व गणिताने पक्के केले. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये ‘आरसिंक’ ही प्रणाली पुढे आणली. तिची रीत सांगण्यासारखी आहे. जुनी प्रत ज्याच्याकडे आहे, तो संगणक तिचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन बेरजा काढतो. एक झटपट निघणारी, दुसरी सावकाश पण भरवशाची. या बेरजांची यादी तो पलीकडे पाठवतो. पलीकडचा संगणक नव्या प्रतीवरून एकेक अक्षर पुढे सरकत जुळणारे तुकडे शोधतो आणि जे जुळले नाही तेवढेच धाडतो. पुढे आलेल्या ‘झेडसिंक’मध्ये बेरजांची यादी आधीच तयार करून ठेवतात आणि जुळणीचे कष्ट घेणाऱ्याच्या यंत्रावर टाकतात. त्यामुळे एकाच वेळी शेकडो कार्यालयांनी मागणी केली तरी देणाऱ्याचा संगणक दमत नाही. डेबियन प्रकल्पाने वापरलेली ‘जिग्डो’ ही तिसरी रीत. तिच्यात डिस्क म्हणजे सुट्या पॅकेजांचे कोडे मानले जाते. जुन्या डिस्कवर जी पॅकेजे आहेत ती तेथूनच उचलावयाची, उरलेली तेवढी नेटवरून आणावयाची आणि कोडे पुन्हा जुळवावयाचे. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. विंडोजच्या इमेजमध्येही ‘डिझम’ या साधनाने सुटी दुरुस्ती मिसळता येते.

येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. इमेजचा आशय घट्ट दाबून भरलेला असेल, तर आत थोडा बदल झाला तरी बाहेरून पुष्कळ तुकडे बदललेले दिसतात आणि बचत घटते. म्हणून इमेज बनवणाऱ्यानेच प्रारंभी याचा विचार केला पाहिजे.

काही वाचक म्हणतील, की आता घरोघरी वेगवान फायबर आले आहे, मग ही काटकसर कशाला? फरीदाबादमध्ये बसून हा प्रश्न सुचणे सोपे आहे, गडचिरोलीच्या एखाद्या तालुक्यात बसून तो सुचणार नाही. शिवाय साधा हिशेब करावा. चार गिगाबाइटची इमेज तीनशे कार्यालयांनी उतरवली तर बाराशे गिगाबाइटची वाहतूक होते. दशांशच बदलली असेल तर एकशेवीस पुरतात. आणि खरा लाभ बचतीचा नाहीच. जे काम दहा मिनिटांत होते ते दरमहा होते. ज्याला रात्र लागते ते वर्षानुवर्षे राहून जाते.

मात्र शुद्धिपत्रकांच्या पद्धतीला एक जुना रोगही आहे. मधली एखादी चिठ्ठी डकवायची राहिली की पुढचे सगळे चुकते, आणि पुस्तिका मात्र वरून अद्ययावत दिसते. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे अखेरची पडताळणी. तयार झालेल्या संपूर्ण इमेजची ‘शा-२५६’ बेरीज काढून ती मुख्यालयाने प्रसिद्ध केलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. चौसष्ट अक्षरांपैकी एकही चुकले तर ती प्रत वापरू नये. महाराष्ट्रात संगणकीकृत सातबारा चावडीवर वाचून गावकऱ्यांकडून खरा करून घेतला गेला, त्यामागील हेतू हाच होता.

त्या घटनेनंतर मी माझा आदेश बदलला. नव्या आदेशात चार गोष्टी होत्या. प्रतीवर तारीख असावी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फरक उतरवून बेरीज ताडावी आणि नोंदवहीत सही करावी. कोणतेही यंत्र दुरुस्त्या पूर्ण झाल्याशिवाय नेटवर्कला जोडू नये. आणि या कामासाठी पदनामाने एक व्यक्ती जबाबदार असावी. यात तंत्रज्ञान थोडे आहे, दप्तराची शिस्त अधिक आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकजण नोएडा, गुडगाव, बंगळूर येथे याच क्षेत्रात काम करतात. कोणाच्या घरी, कोणाच्या मंडळाच्या ग्रंथालयात अशी एखादी जुनी डिस्क कपाटात असेलच. तिच्यावर तारीख आहे का, एवढे आज पाहावे.

त्या शिपायाचे काम अखेर झाले. कागद पुन्हा जमवायला त्याला दोन महिने लागले. आमच्या आदेशात एक वाक्य कमी होते, त्याची किंमत त्याने भरली. प्रमाण प्रत ठरवणे हा अधिकार आहे, ती ताजी ठेवणे हे कर्तव्य आहे. पहिल्यावर सही करताना दुसऱ्याचा विसर पडू नये, एवढाच धडा मी त्यातून घेतला.